थर्मामीटरने ऐकायचा आवाज

द्रव हेलियम आणखी थंड करत नेताना भांड्यात खळखळ उकळत असतं. तापमान 2.17 केल्विनच्या (उणे 271 अंश सेल्सिअसच्या आसपास) खाली उतरलं, की बुडबुडे एकाएकी थांबतात आणि पृष्ठभाग निवांत होतो. बाष्पीभवन मात्र चालूच असतं! बुडबुडा धरायला एखादी जागा आजूबाजूपेक्षा गरम व्हावी लागते, आणि इथे उष्णता साचून राहायलाच तयार नसते. हेलियम आता अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाविना वाहू शकणारं, झालेलं असतं.

अशा द्रवात जणू दोन द्रव एकमेकांत मिसळलेले असतात: एक साधा, सगळी उष्णता वागवणारा, दुसरा घर्षणाविना वाहणारा, उष्णता अजिबात न बाळगणारा. दोघे एकाच दिशेने हलले तर घनता कमीजास्त होते, म्हणजे नेहमीचाच ध्वनी. पण एक इकडे आणि दुसरा तिकडे सरकला तर? घनता जवळपास तशीच राहते, तापमान मात्र लाटेसारखं वरखाली होत पुढे जातं. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लेव लांदाऊ यांनी 1941 मध्ये याला ‘दुसरा ध्वनी’ म्हटलं. नाव जरा फसवंच आहे, कारण ही लाट कानाला कळण्यातली नाही.

या नावाने पहिले प्रयोगकर्ते तर खरोखरच फसले. मॉस्कोत त्यांनी कंप पावणाऱ्या स्फटिकाने लाट उठवून पाहिली, हाती काही लागलं नाही. मग लिफ्शित्झ यांनी हिशेब मांडून दाखवला, की द्रव हलवू नका, तो तालात तापवा. पेश्कोव्ह यांनी 1944 मध्ये तसंच केलं. ध्वनिक्षेपकाच्या जागी हीटर, मायक्रोफोनच्या जागी थर्मामीटर. लाट सापडली. वेग सेकंदाला सुमारे 20 मीटर. त्याच हेलियममध्ये साधा ध्वनी सेकंदाला 200 मीटरहून अधिक वेगाने धावतो.

अतिशीत वायूही अतिप्रवाही होऊ शकतात, पण त्यांची अडचण वेगळी. लेझरच्या सापळ्यात धरलेला लिथियम-6 च्या अणूंचा ढग हवेहून लाखो पट विरळ, आणि तापमान केल्विनच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. त्यात थर्मामीटर बुडवणार कुठे? 2013 मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या गटाने आडवाटेने काम साधलं. लांबट ढगाचा मध्य लेझरने किंचित तापवला. वायू सहज फुगतो, त्यामुळे उष्णतेची लाट घनतेत बारीकसा खळगा पाडत जाते. तो खळगा टोकाकडे सरकला, पण अतिप्रवाही भाग जिथे संपतो तिथेच विरला.

खुद्द तापमान पाहायला 2024 उजाडलं. इतका थंड वायू अवरक्त किरण जवळजवळ सोडतच नाही, त्यामुळे उष्णता टिपणारा कॅमेरा निरुपयोगी. पण लिथियमचे अणू ज्या रेडिओ कंप्रतेला प्रतिसाद देतात, ती तापमानानुसार किंचित बदलते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी केवळ गरम अणूच ‘बोलतील’ अशी कंप्रता निवडली आणि एकामागून एक चित्रं घेतली. अतिप्रवाही वायूत उष्णता या भिंतीकडून त्या भिंतीकडे, पुन्हा मागे, अशी हेलकावे खात होती. तोच वायू जरा गरम होऊन साधा झाला, की हेलकावे बंद, आणि उष्णता पाण्यात शाई पसरावी तशी नुसती पसरून जात होती.