‘ॲपइमेज कोणत्याही लिनक्सवर चालते’ या समजाबाबत खुलासा

लॅमिंग्टन रोडवर जुना लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकणाऱ्या मुंबईतल्या विद्यार्थ्यांमध्ये असा समज रूढ आहे की, सोर्स कोडवरून बिल्ड केलेल्या (म्हणजे चालवण्याजोग्या रूपात तयार केलेल्या) प्रोग्रॅमची ॲपइमेज, म्हणजे सगळे सोबत बांधलेली एकच फाइल, केली की तो कुठेही चालतो. हे पूर्णतः खरे नाही. ॲपइमेजमध्ये प्रोग्रॅमला लागणाऱ्या इतर लायब्ररी (तयार कोडचे संच) सोबत येतात, पण जीलिबसी ही मूलभूत सी लायब्ररी सहसा चालवणाऱ्याच्या संगणकावरचीच वापरली जाते. त्यामुळे उबुंटू या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर, म्हणजे जीलिबसी २.३९ वर, बिल्ड केलेला प्रोग्रॅम २.३१ असलेल्या उबुंटू २०.०४ वर ‘जीएलआयबीसी_२.३४ नॉट फाउंड’ (म्हणजे किमान २.३४ ची जीलिबसी हवी, ती सापडली नाही) एवढेच सांगून थांबू शकतो. (दोष बिचाऱ्या जुन्या लॅपटॉपला दिला जातो.) जुन्या जीलिबसीवर बिल्ड केलेले नव्यावर चालते, म्हणून बिल्ड जुन्या उबुंटूच्या कंटेनरमध्ये, म्हणजे आपल्याच संगणकावर वेगळ्या ठेवलेल्या जुन्या आवृत्तीच्या वातावरणात, करावे. फ्लॅटपॅक या प्रोग्रॅम वाटण्याच्या दुसऱ्या पद्धतीत ही अडचण येत नाही, कारण त्याच्या रनटाइममध्ये (प्रोग्रॅमसोबत बसवल्या जाणाऱ्या सामायिक लायब्ररींच्या संचात) जीलिबसीही असते.