कार्बन फायबर ‘काचेसारखा फुटतो’, म्हणून धडकेत कुचकामी?

‘धातू वाकतो म्हणून वाचवतो, कार्बन फायबर फुटतो, धडकेत त्याचा उपयोग शून्य’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तुकडे उडताना दिसतात, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण ऊर्जा फक्त वाकण्यातच खर्च होते असं नाही.

कार्बन-इपॉक्सीची (इपॉक्सी रेझिनने थरांत चिकटवलेले कार्बनचे तंतू) नळी घ्या, एका टोकाची कड ४५ अंशांत तासलेली. यंत्रात उभी दाबा. तासलेलं टोक आधी चिरडतं, थर सुटून पाकळ्यांसारखे बाहेर वळतात, तंतू तुटतात, एकमेकांवर घासतात. या प्रत्येक गोष्टीला ऊर्जा लागते. बल जवळपास स्थिर राहतं आणि नळीचा टोकापासून भुगा होत जातो.

बल-विस्थापन आलेखाखालचं (नळी किती दाबली गेली तेव्हा किती बल लागलं, तो आलेख) क्षेत्रफळ काढा, ती खर्च झालेली ऊर्जा; तिला चिरडलेल्या भागाच्या वजनाने भागा. चांगल्या नळीत किलोमागे ५० किलोज्यूलहून जास्त येतात. साध्या पोलादी नळीपेक्षा बरेच जास्त.

तीच नळी कड न तासता दाबली किंवा आडवी ठोकली, तर मात्र फटकन मोडू शकते. मेसेजमधलं अर्धसत्य हेच.

धडकेचं सिम्युलेशन (संगणकावरची नक्कल) दाखवून कोणी दावा केला, तर ॲनिमेशनला भुलू नका (ते नेहमीच देखणं असतं). चाचणीचा आलेख शेजारी मागा आणि जाळी (संगणक नळीचे ज्या छोट्या तुकड्यांत भाग पाडतो ती) बारीक केल्यावर उत्तर किती हलतं ते विचारा.