वंशावळीचा शोध

आपल्या कुळाच्या मागच्या पिढ्या, मूळ गाव, कुलदैवत आणि भाऊबंदकी कागदपत्रांतून व थोरांच्या आठवणींतून जुळवण्याचा उद्योग. महाराष्ट्रात त्याची गोडी सहसा हौसेने लागत नाही. आधी अडते, हौस मागाहून येते.

बऱ्याच घरांत पहिल्यांदा अडते ते श्राद्धाला. वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन पिढ्यांची नावे गोत्रासह उच्चारावी लागतात. गुरुजींनी पणजोबांचे नाव विचारले की यजमान आत्याकडे पाहतो. पणजीचे नाव तर आत्यालाही आठवत नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्येही हेच विचारतात, पण तिथे उत्तर मिळण्याची सोय असते. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की त्या घराण्याची वही निघते. पूर्वी यात्रेला येऊन गेलेल्यांची नावे तीत असतात, काही त्यांच्याच हातची, जुन्या पानांवर मोडीत. पणजोबांचे अक्षर पाहिलेला माणूस मोबाइलवर पानाचा फोटो घेतो आणि त्याच रात्री चुलत घरांना फोन सुरू होतात.

सरकारी निकड याहून मोठी. जातपडताळणीच्या अर्जाला वंशावळ जोडावी लागते आणि पुरावा मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीचा, असावा लागतो : इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. मग आजोबांचा शाळेचा दाखला, जुने फेरफार, गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूच्या नोंदी अशी शोधाशोध होते. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला, तेव्हा तोवर फारसे कोणी विचारत नसलेल्या मोडी वाचकांना गावोगावहून बोलावणी आली. गोव्यात पोर्तुगीज नागरिकत्वासाठी १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचे आईवडिलांचे वा आजीआजोबांचे जन्मदाखले धुंडाळले जातात.

निव्वळ हौसेचे फळ म्हणजे कुलवृत्तांत, एका घराण्याच्या साऱ्या पिढ्यांची माहिती देणारा ग्रंथ. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी, विशेषतः चित्पावनांनी, वर्गणी काढून असे ग्रंथ छापले. त्यांत शाखांचे तक्ते, दत्तकांच्या नोंदी आणि खुंटलेल्या शाखेपुढे कोरडेपणाने लिहिलेला ‘निर्वंश’ हा शब्द आढळतो. लेकींचा माग मात्र बहुधा सासरच्या आडनावापाशी संपतो. ही या ग्रंथांची ठळक उणीव. शोधणाऱ्याला सर्वांत जास्त छळते ती नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत. रामचंद्र विनायक, विनायक रामचंद्र, पुन्हा रामचंद्र विनायक. कर्ज नेमके कोणत्या रामचंद्राने काढले हे ठरवायला कागदावरचा शक पाहावा लागतो आणि त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा लागतो.

ज्यांच्या घरी कागदच नव्हता त्यांच्या पिढ्या इतरांनी जपल्या. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागांत हेळवी, म्हणजे वंशावळी सांगत फिरणारे लोक, बैलावर बसून दारी येत, कुळाची नावे म्हणून दाखवत आणि सुगीचे धान्य नेत. पुढे त्यांच्याही वह्या झाल्या. मॉरिशसमधील मराठी वंशजांना मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या पाहता येतात. पूर्वजाचे नाव, बापाचे नाव, वय, गाव त्यांत लिहिलेले असते. पण गाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे उतरलेले असते, त्यामुळे रत्नागिरीच्या नकाशावर ते कुठले हे ओळखण्यातच निम्मा शोध खर्ची पडतो.