‘अपडेट करा’ असे सांगणारा नेमका कोण?

खानापूर, निपाणी किंवा बेळगावच्या एखाद्या उपनगरातील झेरॉक्सच्या दुकानात जमिनीचा उतारा काढायला किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला माणसे थांबलेली असतात आणि संगणकाच्या पडद्यावर मात्र ‘आपले प्लगिन जुने झाले आहे, त्वरित अपडेट करा’ अशी चौकट येऊन बसलेली असते. ती बंद केली तरी थोड्या वेळाने पुन्हा येते. अशा वेळी अपडेट करावे की नाही, हा प्रश्न पुढचा आहे. ही सूचना ब्राउझर देत आहे, उघडलेले पान देत आहे की आणखी कोणी, हे आधी ठरवावे लागते.

ब्राउझर सुरुवातीला मजकूर आणि चित्रे एवढेच दाखवू शकत असे. १९९५च्या सुमारास नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने त्यात बाहेरचे प्रोग्रॅम जोडण्याची सोय केली आणि फ्लॅश, जावा यांसारखी प्लगिने त्या वाटेने आली. हे प्रोग्रॅम वापरकर्त्याचे सगळे अधिकार घेऊन चालत असल्यामुळे प्लगिनमध्ये दोष निघाला, की त्या वाटेने थेट संगणकावरच ताबा मिळवता येई. त्या काळी अपडेटच्या सूचना वारंवार येत आणि त्या बहुधा खऱ्या असत. पुढे क्रोमने २०१५ मध्ये ही जुनी जोडणी काढून टाकली. फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅशचा अपवाद ठेवून तेच केले. फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरनेच मजकूर चालवणे थांबवले. त्यामुळे आज एखादी चौकट ‘फ्लॅश प्लेअर अपडेट करा’ म्हणत असेल, तर ती खोटी आहे असे बेलाशक समजावे. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुख्यतः रशिया आणि युक्रेनमध्ये पसरलेला, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा ‘बॅड रॅबिट’ याच नावाखाली संगणकांत शिरला होता.

उघडलेल्या पानाला ब्राउझरच्या खिडकीतील एक ठरावीक आयत मिळतो. पत्त्याची पट्टी, तिच्या शेजारची चिन्हे आणि तीन ठिपक्यांचा मेनू हा भाग पानाच्या हाती नसतो. पान आपल्या आयतात हुबेहूब विंडोजसारखी दिसणारी चौकट रंगवू शकते, पण ती त्या आयताबाहेर ओढून नेता येत नाही आणि ब्राउझरची खिडकी खाली घेतली की तिच्याबरोबर नाहीशी होते. पान पूर्ण पडद्यावर पसरले असेल, तर आधी एस्केपची कळ दाबावी किंवा दाबून धरावी आणि मगच ही परीक्षा घ्यावी.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात सरकत येणाऱ्या सूचनांची गोष्ट वेगळी आहे आणि दुकानदारांना खरा ताप त्यांचाच असतो. चित्रपट फुकट देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाने ‘आपण रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे म्हटलेले असते आणि गर्दीत कुणीतरी ते दाबलेले असते. त्या एका दाबण्याने संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची रीतसर परवानगी मिळते आणि ते पान बंद असतानाही ब्राउझर त्या सूचना स्वीकारून दाखवत राहतो. संगणकात कोणतीही फाईल आलेली नसते, म्हणून अँटिव्हायरसला अनेकदा काही सापडत नाही. मग वैतागून पूर्ण संगणक फॉरमॅट केला जातो, ज्याची काहीच गरज नसते. तीन ठिपक्यांच्या मेनूतून उघडणाऱ्या सेटिंगमध्ये संकेतस्थळांच्या परवानग्या असतात. तिथल्या नोटिफिकेशनच्या यादीतून अनोळखी नावे काढून टाकली की काम होते. ब्राउझरची भाषा कन्नड ठेवलेली असली, तरी तीन ठिपके त्याच जागी असतात.

सूचना खरी असूनही ती जात नाही, असेही होते. ब्राउझर चालू असेपर्यंत जुनीच आवृत्ती वापरात असते. नवी आवृत्ती शेजारी येऊन थांबते आणि ब्राउझर पुरता बंद करून पुन्हा उघडल्यावर लागू होते. दुकानातले ब्राउझर मात्र आठवडेच्या आठवडे उघडे असतात. क्रोममध्ये अपडेट दोन दिवसांच्या आतले असेल तर मेनूजवळ हिरवा, सुमारे चार दिवसांचे असेल तर नारिंगी आणि आठवडाभर रखडले असेल तर तांबडा रंग दिसतो; अलीकडच्या आवृत्त्यांत तिथे शब्दांतही सूचना येते. त्रास एखाद्या एक्स्टेन्शनमुळे, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममुळे, होत असल्याचा संशय असल्यास इनकॉग्निटो (खासगी) खिडकी उघडून पाहावी, कारण तिथे एक्स्टेन्शने सहसा बंद असतात.

सगळे करूनही अपडेट उतरत नसेल, तर पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. ही साधी तपासणी हटकून राहून जाते. अपडेट देणाऱ्या सर्व्हरची ओळख डिजिटल प्रमाणपत्राने पटते आणि त्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला असेल, तर पावसाळ्यात लाईट जाऊन आल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. संगणकाच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते, म्हणून तो जोडणी नाकारतो. मुदतीचा हा नियम किती कडक आहे, याचा प्रत्यय ४ मे २०१९च्या सुमारास जगभर आला. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्याच एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि फायरफॉक्समधील ॲड-ऑन, म्हणजे जोडलेले छोटे प्रोग्रॅम, वापरकर्त्यांचा काहीही दोष नसताना बंद पडले.

राहता राहिले विंडोज ७ वर चालणारे जुने संगणक. त्यांच्यासाठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती आणि ती जानेवारी २०२३ मध्ये आली. तिथे ‘यापुढे अपडेट मिळणार नाहीत’ असे सांगणारी सूचना खरीच असते आणि बटण दाबून ती जात नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली टाकून असा संगणक पुढे वापरता येतो. परंतु अंगठा घेणारे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि प्रिंटर यांचे ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम, कित्येकदा केवळ विंडोजसाठीच असतात, तेव्हा आधी ही तीन उपकरणे पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर चालवून पाहावीत आणि मगच हार्ड डिस्कला हात लावावा.