१६ एप्रिल आणि आपलं ठाणं

दर १६ एप्रिलला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो: ‘१८५३ साली आजच्या दिवशी भारतात पहिल्यांदा आगगाडी धावली, सीएसएमटीच्या या भव्य इमारतीतून ठाण्यापर्यंत.’ खाली इमारतीचा फोटो. ठाणेकर म्हणून ऊर भरून येतो, माझाही येतो. म्हणूनच ही तारीख नीट सांगितली जावी असं वाटतं.

आधी फोटोचं बघू. इमारतीचं बांधकाम सुरू झालं १८७८ मध्ये, पूर्ण झालं १८८८ मध्ये. म्हणजे गाडी सुटली तेव्हा पायासुद्धा खणलेला नव्हता. ती सुटली बोरीबंदरच्या जुन्या, साध्या स्थानकातून.

आता ‘पहिल्यांदा’. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच रुळांवरून दगड वाहिला जात होता, रस्त्यांच्या कामासाठी. रुरकीला गंगा कालव्यावरचा सोलानी जलसेतू बांधताना माती वाहायला १८५१ मध्ये वाफेचं इंजिन आणलं होतं. पण ही सगळी मालवाहतूक, बांधकामापुरती. तिकीट काढून माणसांनी बसायची गाडी मात्र बोरीबंदर-ठाणे मार्गावरच आधी आली. त्या दुपारी १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ओढायला तीन इंजिनं आणि २१ तोफांची सलामी. अंतर सुमारे ३४ किलोमीटर.

पडताळणी सोपी आहे. मेसेजमध्ये ‘प्रवासी’ हा शब्द आहे का, ते बघा. फोटो असेल तर इमारतीचं साल शोधा आणि १८५३ शेजारी मांडा. यंदा ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: ‘भारतातली पहिली प्रवासी रेल्वे, बोरीबंदर ते ठाणे.’