पाणी आहे तोवर बॉयलर आहे

खेळण्यातलं जुनं पितळी वाफेचं इंजिन हाती आलं की पहिला मोह होतो तो घासूनपुसून लख्ख करण्याचा. तो आवरावा. बॉयलरच्या टोकाला ठोकलेला ठसा, तळपत्र्यावरचं अर्धं उडालेलं नाव, मूळ रंगाचा एखादा पोपडा, हाच त्या इंजिनाचा जन्मदाखला असतो आणि घासण्यात आधी तोच जातो.

जर्मनीतल्या न्यूर्नबर्गच्या बिंग बंधूंच्या इंजिनांवर जी.बी.एन. (‘गेब्रूडर बिंग न्यूर्नबर्ग’, म्हणजे बिंग बंधू, न्यूर्नबर्ग) ही अक्षरं असत. पहिल्या महायुद्धानंतर कंपनीचं नाव ‘बिंग वेर्के’ झालं आणि बी.डब्ल्यू. ही अक्षरं आली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या इंजिनांचं मॅमॉड हे नाव ‘मालिन्स मॉडेल्स’वरून पडलं. मॅमॉडचं वय काढायचं तर बॉयलरखाली बघा. स्पिरिटचा दिवा असेल तर इंजिन बहुधा १९७०च्या दशकाच्या मध्याआधीचं, कारण त्यानंतर घन इंधनाच्या वड्यांचा ट्रे आला. पाण्याची पातळी दाखवणारी गोल काच त्याच्याही थोडी नंतरची. त्याआधी बॉयलरला नुसता एक स्क्रू असे. तो काढून, तिथून पाणी ओघळेपर्यंत भरायचं. मात्र दिवे हरवतात, बदलले जातात, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.

यातल्या बहुतेक लहान इंजिनांचा सिलिंडर स्थिर नसतो, तो डुलतो. त्याच्या सपाट पाठीला एक भोक, समोरच्या पट्टीला दोन. सिलिंडर एका बाजूला कलला की भोकं जुळून वाफ आत येते, दुसऱ्या बाजूला कलला की वापरलेली वाफ बाहेर पडते. वेगळा व्हॉल्व्ह लागतच नाही. दोन्ही पृष्ठभाग एका स्प्रिंगने चिकटून राहतात. इतक्या कमी भागांत इतकं काम करणारी दुसरी रचना मला तरी माहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. एक ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानावरून उकळीला आणायला साधारण ७५ कॅलरी लागतात, पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४०. ज्योतीची उष्णता पाणी अशी गिळत राहतं, म्हणून पितळ फारसं तापत नाही. आपल्या कुकरमध्ये असतो तेवढ्या दाबाला पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. अनेक जुन्या बॉयलरचे सांधे कथील-शिशाच्या डाखाने (सोल्डरने) जोडलेले असतात आणि तो डाख १८३ अंशांपासून वितळू लागतो. मधलं अंतर जेमतेम साठ अंशांचं. पाणी संपलं की हे अंतर मिनिटा-दोन मिनिटांत संपतं. कुकर कोरडा पडला तर झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू मुद्दाम वितळतो. इथे मात्र सांधाच वितळतो. म्हणून पाणी संपण्याआधी आग संपली पाहिजे, आणि इंधन त्या हिशेबानेच घालावं.

पेटवण्याआधी बॉयलरची परीक्षा घ्यावी, तीही थंड पाण्याने. हवेचा बुडबुडाही न ठेवता बॉयलर काठोकाठ भरायचा आणि हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट ते दुप्पट दाब द्यायचा. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही; सांधा सुटला तर नुसतं पाणी झिरपतं. हीच परीक्षा हवेने किंवा वाफेने घेतली तर स्फोट होऊ शकतो. सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग गंजलेली असेल तर व्हॉल्व्ह नवाच घ्यावा, इथे काटकसर नको. जुनी वात किंवा गॅस्केट पांढुरकी, तंतुमय दिसली तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी खरवडू नये.

सिलिंडरला शिलाई मशीनचं तेल चालत नाही, गरम ओली वाफ ते धुऊन नेते. त्यासाठी जाड ‘स्टीम ऑइल’ मिळतं.

मग वडी पेटवायची. काही मिनिटांत बॉयलर गुणगुणू लागतो. पहिली वाफ थंड सिलिंडरमध्ये शिरताच पाणी होते, म्हणून चाक बोटाने हळूहळू फिरवत राहायचं. नळीतून तेलकट गरम थेंब थुंकल्यासारखे उडतात, चाक दोनदा अडतं. सिलिंडर तापला की तिसऱ्या खेपेला ते बोटातून निसटतं आणि आपलं आपण पळू लागतं.