साथीच्या आजाराचं प्रशिक्षण: बडोद्यातल्या रुग्णालय कर्मचाऱ्यांनी अर्ज कसा करावा

जानेवारी 2011 मध्ये अहमदाबादजवळच्या एका गावातली बाई क्रिमियन-काँगो तापाने गेली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर गेले, नर्सही गेली. गोचिडांतून येणारा हा विषाणू रुग्णाच्या रक्तातून सेवा करणाऱ्यांना गाठतो. म्हणून बडोद्यात वॉर्डात राबणाऱ्या प्रत्येकाने प्रशिक्षण मागून घ्यावं, संकोच करू नये.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम 2016 नुसार हा कचरा (वापरलेल्या सुया, रक्ताने माखलेला कापूस, बँडेज वगैरे) हाताळणाऱ्यांना रुजू होताना आणि पुढे वर्षातून एकदा तरी प्रशिक्षण व आरोग्यतपासणी, शिवाय हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. शिक्षणाची अट नाही. नर्स, आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार, सगळे यात येतात. कंत्राटी म्हणून कुणाला वगळलं जात असेल तर ते चूकच.

अर्ज साध्या कागदावर, अधीक्षकांच्या नावे करा आणि एक प्रत संसर्ग नियंत्रण समितीला द्या. गुजराती बोलता येतं पण लिहायला अडतं, असं असेल तर सहकाऱ्याकडून लिहून घ्या. नियमातलं प्रशिक्षण कचऱ्यापुरतं आहे, म्हणून पीपीई किट घालण्या-काढण्याचा प्रत्यक्ष सराव हवा, हे वेगळं लिहा.

खरा धोका किट काढताना असतो. एक हातमोजा बाहेरून चिमटीत धरून उलटा करत काढायचा, मग उघडं बोट दुसऱ्या मोज्याच्या आत मनगटापाशी सरकवायचं. मास्क शेवटी, मागच्या इलॅस्टिकला धरून काढायचा. पुढून हात लावायचा नाही. दमलेल्या माणसाचा हात नेमका तिथेच जातो. नुसता व्हिडिओ पाहून हे अंगवळणी पडत नाही, शेजारी उभं राहून टोकणारं कुणीतरी लागतं.

सोबत ओळखपत्र (कंत्राटी असाल तर ठेकेदाराचं), रुजू झाल्याचा कागद आणि लसीकरणाची नोंद जोडा. नर्सनी गुजरात नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची झेरॉक्सही द्यावी. हिपॅटायटिस-बीचे तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. राहिलेला डोस याच अर्जात मागा.

तुमच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. किती जणांना प्रशिक्षण दिलं, हे रुग्णालयाला दरवर्षी 30 जूनपर्यंत वार्षिक अहवालात कळवावं लागतं. दाद लागली नाही तर शिक्क्याची प्रत घेऊन गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बडोद्यातल्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या.